बोटाखालचं पान

निकितानं वचन वाचून संपवलं, हळूच "आमेन" म्हटलं, आणि प्रभुदास भांबळला कळलं की ते वचन तिथे नाही. त्याचं बोट अजून पानावरच होतं. डाव्या तळव्याखाली पुस्तकाचा जेवढा जाड भाग यायला हवा होता तेवढा आलेला नव्हता. तिनं वाचलं ते स्तोत्रांमधलं होतं, आणि स्तोत्रं येतात ती पुस्तकाच्या मधोमध. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रविवारच्या शब्बाथशाळेतली पोरं पैजा लावून पुस्तक मध्यावर उघडतात आणि स्तोत्रं काढून दाखवतात. त्याचं बोट मध्याच्या बरंच अलीकडे होतं. शिवाय पान करकरीत होतं. स्तोत्रांची पानं त्यानं आयुष्यभर उलटून उलटून जुन्या लुगड्यासारखी मऊ करून टाकली होती, आणि हे पान मात्र छापखान्यातून आलं तसंच राहिलेलं. आणि निकिता कुठे अडखळली नाही. वाचणारा माणूस ओळ संपली की किंचित थांबतो, डोळे पुढची ओळ शोधतात, तेवढ्यापुरता आवाज लटकतो. तिचा आवाज कुठेच लटकला नाही. परमेश्वरावर भरवसा ठेव, चांगलं ते कर, या देशातच राहा, अशा अर्थाचं ते वचन तिनं घडाघडा म्हटलं. वाचलं नाही, पाठ म्हटलं. पाचवीत असताना ह्याच स्तोत्रासाठी तिला पाठांतराचं पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि ते तिच्याकडून बसवून घेतलं होतं खुद्द प्रभुदासनं.

रविवारची दुपार होती. उपासनेहून येऊन, मटणभाकरी खाऊन दोघं पुढच्या खोलीत बसली होती. पलीकडे नगरच्या तारकपूर स्टँडवरचा कर्णा कुठल्या तरी गाडीची घोषणा करत होता; गावाचं नाव नेहमीप्रमाणे घरघरीत बुडून जात होतं आणि फलाट क्रमांक तेवढा स्पष्ट येत होता. प्रभुदासला उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं. डाव्या डोळ्यानं दिसायचं ते नळीतून पाहिल्यासारखं, निकिताचा गाल दिसला तर कान नाही, कान दिसला तर गाल नाही, आणि छापील अक्षर तर मुळीच लागत नव्हतं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते गेलं, आहे ते जपू या. जपण्याचं काम निकिता करायची. संगमनेरच्या कॉलेजात ती कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होती. पहाटेची एसटी पकडण्याआधी त्याच्या डोळ्यांत थेंब घालायची आणि संध्याकाळी आल्यावर चप्पल काढण्याआधी पुन्हा घालायची. आता तिला कायमची नोकरी लागली होती. केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, अरुणाचलात. उद्या, सोमवारी, होय की नाही ते कळवायचं होतं. "पप्पा, तुम्हीच बोट ठेवा," ती सकाळी म्हणाली होती. घरातले मोठे निर्णय असेच व्हायचे. प्रार्थना करायची, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं, बोट ठेवायचं, आणि बोटाखाली येईल ते मार्गदर्शन समजायचं. डोळे मिटण्याची गरज आता राहिली नव्हती, तरी त्यानं सवयीनं मिटले.

या देशातच राहा. म्हणजे इथंच, नगरात. प्रभुदासला आधी काय वाटलं असेल, तर बरं वाटलं. हे कबूल करायला पाहिजे होतं आणि त्यानं ते मनातल्या मनात केलं. बोटाखाली दुसरंच काही आहे हे कळलं त्याच्या आधी, निमिषभर आधी, छातीवरचा धोंडा बाजूला झाला होता. राहणार. चहा देताना कपाचा कान उजवीकडे फिरवून देणारी, रस्ता ओलांडताना दंड धरणारी, राहणार. आणि मग लगेच बोटाला ते करकरीत पान लागलं. त्यानं बोट काढलं नाही. पुस्तक अर्धवट मिटवून, बोट आत तसंच ठेवून, तो मांडीवर घेऊन बसला. निकिता उठून आत गेली. भांडी वाजू लागली. ती गाणं म्हणत नव्हती. एरवी रविवारी भांडी आवरताना ती उपासनेतलं गीत गुणगुणायची.

बोट ठेवण्याची ही रीत त्याच्या आईची. केशरबाई मिशनची बायबलबाई म्हणून सोनईच्या बाजूच्या खेड्यांतून हिंडायची. पायात टायरच्या चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तिका आणि भाकरी. बोलायला बसली की बाया काम टाकून ऐकत. वाचायचं म्हटलं की मात्र अक्षराला अक्षर जोडता जोडता घाम फुटायचा. त्यामुळे घरात बोट ती ठेवायची आणि वाचायचा प्रभुदास. त्याला शिकायला बोर्डिंगात धाडायचं की मामाच्या हाताखाली गवंडीकामाला लावायचं, असा प्रश्न पडला तेव्हाही तिनं बोट ठेवलं आणि ते पडलं योनाच्या पुस्तकावर, ऊठ आणि त्या मोठ्या नगरास जा, असं देव सांगतो तिथे. त्यानं वाचून दाखवलं. पुढे त्या नगराचं नाव निनवे लिहिलंय, तेही वाचलं. केशरबाईनं ते ऐकलंच नाही. "नगरास जा म्हनतोय देव," ती त्याच्या बापाला म्हणाली. "आता काय एसटीचं तिकीट बी त्यानंच काढून द्यायचं का?" बाप हसला आणि दुसऱ्याच दिवशी पोराची ट्रंक बांधली गेली. त्या ट्रंकेवर बसून प्रभुदास नगरला आला, शिकला, मास्तर झाला, मुख्याध्यापक झाला. चुकीच्या गावाला धाडणारं वचन बरोबर गावात आणून सोडून गेलं. मग वचनावर विश्वास बसणार नाही तर काय होणार? पुढं बदलीच्या वेळी बोट, सरोजला मागणी घालताना बोट, ही जागा घेताना बोट. प्रत्येक वेळी काही ना काही जुळायचंच. न जुळलं तर तो थोडा वेळ बसायचा आणि जुळवायचा. ती कला त्याला साधली होती.

त्या कलेवर तर त्याचं नाव झालं. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीच्या तरुण शिबिरात भांबळ सरांचं भाषण असायचंच, यशस्वी जीवनासाठी शास्त्रातलं मार्गदर्शन. जो रात्रंदिवस वचनाचं मनन करतो त्याचा मार्ग सफळ होतो. आळशा, मुंगीकडे जा. जो आपल्या कामात चपळ असतो तो राजांपुढे उभा राहतो. इथे तो थांबायचा आणि म्हणायचा, "राजे आता राहिले नाहीत, निदान तहसीलदारापुढे ताठ उभे राहा," आणि पोरं खदखदून हसायची. खर्ड्यापासून संगमनेरपर्यंत तो हे एकच वाक्य सांगत हिंडला आणि सगळीकडे ते त्याच जागी हशा घेऊन गेलं. आज सकाळीही उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी त्याचा हात हातात घेतला होता. "सलाम, सर. मे महिन्यात शिबिर आहे. तुमचं ते यशस्वी जीवन पाहिजे बरं का." तुमचं ते यशस्वी जीवन. निकिता शेजारी उभी होती, त्याचा दंड धरून. तिचा हात किंचित घट्ट झाला, की तसं त्याला वाटलं? मध्यंतरी एमआयडीसीच्या चौकात त्याचा जुना विद्यार्थी चेतन भेटला होता. आवाजावरून ओळखलं. "काय रे, कसं चाललंय?" तर म्हणाला, "सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणं मुंगीकडं जाऊन आलो. तिला पण कंत्राटावरच ठेवलंय." दोघं हसले. घरी आल्यावर मात्र प्रभुदासला ते हसणं पुरलं नाही. पोरगं हुशार होतं, चपळ होतं, मनन करत होतं. सूत्रात कुठे उणं पडलं ते त्याला सापडेना, आणि शोधायचाही कंटाळा आला.

कंटाळा खरा त्याच्याही आधीचा. सरोज होती तेव्हा ती ह्या बोटाची टिंगल करायची. "देवाला काय चिठ्ठ्या काढायला बसवलंय का हो तुम्ही?" म्हणायची. तिला पोटाचा आजार निघाला. औषधोपचार सगळे झाले, पुण्याच्या खेपा झाल्या, त्यात काही कमी पडलं नाही. पण प्रभुदासनं बोटही ठेवलं, आणि बोट पडलं थेट, कसलीही जुळवाजुळव न करता, मी मरणार नाही, जगेन, ह्या वचनावर. त्याच्या अंगावर काटा आला होता. प्रार्थनासभेत त्यानं उभं राहून साक्ष दिली, लोक रडले. घरी येऊन त्यानं सरोजला सांगितलं, तेव्हा ती उशीला टेकून हसली आणि म्हणाली, "डॉक्टरांना पण कळवा एवढं." नाताळाच्या आधी ती ख्रिस्तवासी झाली. भेटायला आलेल्या मंडळींनी समजूत घातली, सर, जगेन म्हणजे सार्वकालिक जीवन, त्या जगल्याच की. त्यानं मान हलवली. ही जुळवाजुळव त्याच्याच शिबिरांतून लोक शिकले होते, तिला नाही कसं म्हणायचं? आणि पुढच्या मे महिन्यात तो पुन्हा उभा राहिला, मुंगी सांगितली, तहसीलदार सांगितला, हशा घेतला. परत येताना जीपमध्ये त्याला इतकं दमल्यासारखं झालं की कोणी तरी विचारलं, सर, शुगर तर वाढली नाही ना. त्या दिवसापासूनचा तो शीण अजून उतरलेला नव्हता. देव नाही, असं त्याला कधी वाटलं नाही. देव आहे आणि आपण सारखं त्याच्या तोंडाशी कान नेऊन त्याला बोलायला भाग पाडतोय, आणि तोही कंटाळलाय, असं काहीसं वाटायचं.

दार लोटून छबूबाई आली. शेजारची, संध्याकाळच्या भाकऱ्या तीच करून द्यायची. घरात शिरता शिरताच तिनं विचारलं, "काय, ठरलं का? काय म्हनला तुमचा देव?"

निकिता आतून बाहेर आली. ओढणीला हात पुसल्याचा आवाज आला. "थांब म्हणाला," ती म्हणाली.

"लई झ्याक झालं बाई," छबूबाई खाली बसत म्हणाली. "येवढ्या लांब कोन जातं का? आमच्या ज्ञानेश्वरीला पुन्याला दिली तर वर्षातून येकदा तोंड दावती. आन तू तर पार चीनच्या बांदाला चाललेली. सरांकडं कोन बघनार हुतं? म्या भाकरी थापीन, पर डोळ्यात थेंब घालायचं म्हंजी माजा हात कापतो." मग ती प्रभुदासकडे वळली असावी, कारण आवाज मोठा झाला. लोकांना वाटतं आंधळ्याला ऐकूही कमी येतं. "सर, तुमी सुटलात बगा. देव हाय."

"आहे," प्रभुदास म्हणाला.

छबूबाई परातीत पीठ घेऊन आत गेली, थाप थाप सुरू झाली, तव्यावरच्या भाकरीचा वास आला. सगळं कसं बसलं होतं. देव थांब म्हणाला होता, शेजारीण बरं झालं म्हणाली होती, पुढच्या रविवारी पाळकसाहेब म्हणतील, किती ही आज्ञाधारक मुलगी. आणि मे महिन्यात त्याला भाषणात एक नवं उदाहरण मिळेल. आपण उभे आहोत, समोर पोरं बसली आहेत, आणि आपण सांगतो आहोत की वचनासाठी माझ्या मुलीनं सरकारी नोकरीवर पाणी सोडलं, हे चित्र त्याच्यासमोर इतकं लख्ख उभं राहिलं की त्याला शिसारी आली. बोट पुस्तकात अवघडलं होतं, पेराला मुंग्या आल्या होत्या. तिनं असं का केलं? त्याच्यासाठी. हे तर उघड होतं. मी तुमच्यासाठी राहते, असं म्हणाली असती तर त्यानं हट्टानं नाही म्हटलं असतं, भांडण झालं असतं. म्हणून तिनं देवाला पुढं केलं. आईबापाच्या घरात जे पाहिलं तेच तिनं केलं, फक्त त्याच्याहून सफाईनं. तो निदान बोटाखालचं वाचून मग वळवायचा; तिनं वाचलंच नाही. आणि तो गप्प राहिला तर ती उद्या नाही कळवेल, परवा पहाटेची संगमनेरची गाडी धरेल, आणि अशा किती पहाटा जातील, आणि एक दिवस तो मरेल आणि ती पन्नाशीची तासिका तत्त्वावरची बाई एकटी उरेल. तेव्हा तिला हे स्तोत्र आठवेल. तेव्हा ती कुणावर रागावेल? त्याच्यावर, की देवावर? देवावर रागावू नये, असं त्याला मनापासून वाटलं. त्या बिचाऱ्यानं ह्यात काहीच केलं नव्हतं.

भाकऱ्या झाल्या. छबूबाई फडक्यात गुंडाळून ठेवून गेली. दार लागलं.

"निकी."

"हं?"

"चष्मा आहे का जवळ?"

"आहे की. का?"

"मग इकडं ये आणि माझ्या बोटाखाली काय आहे ते वाच."

ती जागची हलली नाही. "मघाशी वाचलं ना, पप्पा."

"ते सदतिसावं स्तोत्र. तुझं पाचवीतलं." त्यानं पुस्तक उघडून तिच्या दिशेला केलं. "आता बोटाखालचं वाच."

तिनं चष्मा चढवला. मग शेजारी येऊन बसली. त्याचं बोट तिनं अलगद उचलून थोडं बाजूला केलं, आणि तेवढ्या स्पर्शावरून तिचा हात गार पडलाय हे त्याला कळलं.

"शल्लूमाला हिल्कीया झाला," ती वाचू लागली. "हिल्कीयाला अजऱ्या झाला. अजऱ्याला..." ती थांबली. कागद सळसळला. "नावंच आहेत, पप्पा. खालपर्यंत नुसती नावंच आहेत. मागच्या पानावर पण."

"इतिहासाचं पुस्तक," तो म्हणाला. "पहिलं."

आणि तिला हसू फुटलं. रडत असलेल्या माणसाला फुटतं तसलं, नाकातून. मग तोही हसला. कुणाला कोण झाला ह्याची ती भली मोठी यादी, त्याच्या शिबिरांत कुणी कधी उघडली नव्हती. हसता हसता त्याचं डोकं सवयीनं कामाला लागलं. हिल्कीया नावाच्या याजकाला मंदिरात हरवलेला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला होता. म्हणजे, कामाच्या जागी निष्ठेनं राहणाऱ्याला काही तरी मोलाचं सापडतं. किंवा उलटं, एका पिढीच्या पोटी दुसरी जन्मते ती पुढं जाण्यासाठी. दोन्हीकडे वळवता आलं असतं, राहा म्हणून आणि जा म्हणूनही. त्यानं तोंड उघडलं होतं. त्यानं ते मिटलं. नको. फार झालं.

"आज देव काही बोललेला नाही," तो म्हणाला. "त्याला राहू दे. तू सांग. राहायचं असेल तर राहा, जायचं असेल तर जा. पण त्याच्या तोंडानं मला सांगू नकोस. तुझ्या तोंडानं सांग."

"तुमच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार?"

"ते मी विचारलं नाही."

"रस्त्यावर कोण..."

"निकी, मी तेही विचारलं नाही."

पलीकडे कर्णा घरघरला, कुठल्या तरी गाडीचा फलाट सांगून गप्प झाला. प्रभुदास वाट पाहत बसला. वाट पाहताना त्याच्या ध्यानात आलं की आपण निर्धास्त आहोत. एवढं मोठ्या मनानं आपण विचारू शकलो, कारण ती काय म्हणणार ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे: राहते, पप्पा, मला नाही जायचं. मग आपण एकदा नको म्हणू, दोनदा नको म्हणू, आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवू. म्हणजे ह्यातही जुळवाजुळव होतीच. हे त्याला लखलखीत कळलं आणि तो घाबरला.

"मला जायचंय," निकिता म्हणाली.

त्यानं पुस्तक मिटलं.

"केव्हापासूनच जायचंय, पप्पा. मम्मी होती तेव्हापासून. कुठंही. रोज स्टँडवर उभी राहते ना, तेव्हा प्रत्येक गाडीकडे बघून वाटतं, संगमनेरची सोडून कुठलीही चालेल." तिचा आवाज खाली गेला. "मला वाईट वाटतं असं वाटल्याचं. पण वाटतं."

ते त्याला लागलं. लागेल हे त्याला माहीत नव्हतं. एखादं हाड मोडल्यावर आधी नुसतं बधिर वाटतं आणि मग कळ येते, तशी कळ उशिरानं आली आणि चांगली खोलवर गेली. इतकी वर्षं ही मुलगी त्याच्या डोळ्यांत थेंब घालत होती आणि तिच्या मनात गाड्या सुटत होत्या. त्याला ते दिसलं नव्हतं, आणि त्याचा दोष काचबिंदूवर घालता येत नव्हता.

त्यानं हात पुढं केला. तो तिच्या खांद्याला लागला, मग वेणीला, मग डोक्यावर गेला. घरातली प्रार्थना संपवताना तो असा हात ठेवायचा आणि आशीर्वादाचं वचन म्हणायचा. शेकड्यांनी पाठ होती, झोपेतून उठवलं असतं तरी आली असती. आत्ता एकही तोंडात येईना. आलं असतं तर बरं झालं असतं, त्याच्याआड लपता आलं असतं. निकिता मान खाली घालून थांबली होती, काही तरी ऐकायची वाट पाहत.

"स्वेटर चांगले घे," प्रभुदास म्हणाला. "तिकडं थंडी फार असते म्हणतात."